एका ओळीच्या मागे

बोईसरला माझं छोटं ऑफिस आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या वेबसाइट आणि ऑर्डरी नोंदवायचे प्रोग्राम आम्ही पीएचपीत लिहितो. कामाला आलेला नवा मुलगा व्हेंडर फोल्डरातली ऑटोलोड फाइल एका ओळीत जोडतो आणि पुढे सरकतो. मेल पाठवणं, पीडीएफ बनवणं, एक्सेल वाचणं, सगळा परक्यांचा कोड. नाव घेतलं की हजर. ही ओळ घडायला किती वर्षं गेली हे सांगायला लागलं की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो.

जुन्या प्रोजेक्टात प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दुसऱ्या फाइली जोडणाऱ्या रिक्वायर वन्सची रांग असायची. एक ओळ राहिली की पान पांढरं. जुलै 2004 मध्ये पीएचपी 5 आलं आणि त्यात ऑटोलोड हे फंक्शन मिळालं. क्लास सापडला नाही की पीएचपी या फंक्शनला हाक मारणार, फाइल शोधून आणायचं आपण लिहायचं. पण अख्ख्या प्रोजेक्टात ते एकदाच लिहिता यायचं. बाहेरच्या दोन लायब्रऱ्यांनी आपापलं लिहिलं की फेटल एरर! 5.1 मध्ये पीएचपीच्याच एसपीएल या लायब्ररीने तोडगा काढला: असे कितीही शोधणारे नोंदवा, एकाला नाही सापडलं तर पुढच्याला विचारलं जाईल.

तरी फाइल ठेवायची कुठे, याची तऱ्हा ज्याची त्याची. माझ्या लेखी 2009 हे खरं वर्ष. पीएचपी 5.3 ने क्लासच्या नावांचे गट करणारे नेमस्पेस आणले, आणि निरनिराळ्या फ्रेमवर्कची माणसं शिकागोत एकत्र बसली. त्यातून पीएसआर-0 हे सामायिक नियम आले: क्लासच्या नावावरूनच फोल्डर कळला पाहिजे. एमआयडीसीत ट्रकवाल्याला प्लॉटचं अक्षर आणि नंबर सांगितला की तो नेमका गेटवर येतो, तसं. त्याआधी पेअर या पीएचपीच्या जुन्या भांडारातल्या लायब्रऱ्या नावातल्या अंडरस्कोअरने फोल्डर दाखवत. पीएसआर-0 ने तीही सवय सांभाळली. 2013 च्या अखेरीस आलेल्या पीएसआर-4 ने ती सोडून दिली.

निल्स अ‍ॅडरमान आणि जॉर्डी बोजियानो यांचा कंपोझर मार्च 2012 चा. पॅकेजिस्ट या पॅकेजांच्या यादीवर बघून पॅकेजं उतरवायची आणि ऑटोलोड फाइल तयार करून द्यायची, हे त्याचं काम. लोक सगळं श्रेय त्यालाच देतात. मला ते अर्धंच पटतं. पत्ते आधी ठरले होते म्हणून त्याचं निभावलं.

अक्षरांचा घोळ मात्र अजून होतो. फाइलच्या नावात कॅपिटलच्या जागी स्मॉल अक्षर पडलं तर विंडोजवर बिनबोभाट चालतं, लिनक्सच्या सर्व्हरवर क्लास सापडत नाही.

ते 2004 चं फंक्शन पीएचपी 8 ने 2020 मध्ये काढूनच टाकलं. आमच्या एका कारखानदाराची साइट मात्र 5.6 वर आहे, आणि त्याच फंक्शनवर उभी आहे. अपग्रेडचा विषय काढला की शेठ म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावू नका."