काजळीची कसोटी

आपल्या मराठीत ‘हत्यार’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. शिपायाची तलवार हे हत्यार आणि सुताराची पटाशी हेही हत्यारच! खंडेनवमीला दोन्ही एकाच पाटावर बसतात आणि दोघांनाही सारखेच गंधफूल मिळते. माझे वडील सुतार होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावी दर खंडेनवमीला ओटीवर त्यांचा रंधा, करवत, वाकस आणि पटाश्या मांडल्या जात. आणि शेजारचे शिकारी काका आपली ठासणीची बंदूक आणून त्यांच्या शेजारी ठेवीत. शेतात उतरणाऱ्या रानडुकरांचा बंदोबस्त त्या बंदुकीकडे असे, म्हणून साऱ्या वाडीला तिचे अप्रूप.

एका पावसाळ्यात त्या बंदुकीचा लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला. काका म्हणाले, “सुतारदादा, एवढा जोडून द्या.” वडिलांनी तो उलटसुलट पाहिला आणि सांगितले, “जोडून भागायचे नाही. नवा करावा लागेल.” मग आठ दिवस ते शिसवीच्या एका तुकड्याशी झटत होते. रात्री चिमणीच्या ज्योतीवर बंदुकीचे लोखंड धरायचे; त्यावर काजळी चढली की ते लाकडाच्या खाचेत दाबून बसवायचे; उचलायचे; आणि जिथे काळा डाग उमटला असेल तेवढाच भाग पटाशीने अलगद खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी. मला झोप अनावर होई, पण त्यांचे काम काही संपत नसे.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. नाना विषयांची पुस्तके चाळता चाळता एकदा लंडनच्या बंदूक-कारागिरांची हकीकत हाती लागली. राजेरजवाड्यांसाठी आणि नामांकित शिकाऱ्यांसाठी मापाबरहुकूम रायफली घडविणाऱ्या या पेढ्या. तिथला दस्ता बसविणारा कारागीर काय करतो? तर लोखंडी भाग धुरकट दिव्यावर धरतो, लाकडाच्या खाचेत दाबतो, आणि काळा डाग पडेल तेवढे लाकूड खरवडतो! मी पुस्तक मिटले आणि क्षणभर आमच्या ओटीवरच जाऊन बसलो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत, भोवऱ्यासारखी तोल सांभाळून सरळ जाते. ही युक्ती युरोपात चारशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. परंतु बार उडाला की सारे लोखंड झटक्याने मागे येते, आणि तो धक्का लाकडाला झेलावा लागतो. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाएवढी जरी फट राहिली, तरी दर बाराला लोखंड घणासारखे आदळते. मग नेम ढळतो आणि एक दिवस दस्ता फुटतो. रायफलीचा खरेपणा असा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतो.

दस्त्याला लाकूड अक्रोडाचे, आणि तेही वर्षानुवर्षे सुकविलेले. मुठीपाशी त्याच्या रेषा सरळ लांबीने गेल्या पाहिजेत, कारण सारा ताण तिथेच येतो. मागच्या रुंद भागात मात्र नक्षीदार वळणे खुशाल असावीत. शिंप्याने अंगरख्याचे माप घ्यावे तसे गिऱ्हाइकाचे माप घेतात: हात किती लांब, मान किती, गाल कोठे टेकतो. लाकडाला चमक आणतात ती अळशीच्या तेलाने. त्यात रतनजोतीच्या मुळीचा लाल रंग उतरविलेला असतो. तळहाताने एक हात चोळायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चोळायचा, असे दिवसचे दिवस चालते.

लोखंडाची तऱ्हा तर आणखी नवलाची. माझे वडील गंजाला वैरी मानीत. पावसाळ्यात करवतीला तेल लावायला विसरलो तर माझी धडगत नसे. लंडनचा कारागीर मात्र नळीवर तेजाबी द्रव फासून, दमट कपाटात ठेवून, मुद्दाम गंज चढवितो! मग ती उकळत्या पाण्यात टाकली की तांबडा गंज काळा होतो. तारेच्या ब्रशाने तो घासायचा आणि पुन्हा गंज चढवायचा. असे अनेकदा केल्यावर नळीला तो प्रसिद्ध गर्द निळसर काळा रंग येतो, आणि पुढच्या गंजापासून तोच तिला राखतो. शेवटी सरकारमान्य परीक्षा. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. त्यांच्या परीक्षागृहात नेहमीपेक्षा जबर बार भरून नळी उडवून पाहतात. टिकली तर तिच्यावर छाप उठतो.

या पेढ्यांपैकी एक रिग्बी, मूळची डब्लिनची, नंतर लंडनची. तिची एक रायफल आपल्या देशाच्या इतिहासात येऊन बसली आहे. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर सांगतात. त्या दिवशी ऐन वेळी कॉर्बेट यांच्याजवळची काडतुसे संपली, तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांत चांगली दिसण्याजोगी फट होती! वीसएक फुटांवरून झाडलेली गोळी तोंडावर न बसता पंजावर बसली. सुदैवाने वाघीण आधीच्याच जखमांनी संपत आली होती.

या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना रिग्बीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. फटीच्या बंदुकीने जीव टांगणीला लावल्यावर बिनफटीची रायफल हाती यावी, हा योगच म्हणायचा. तिची मुख्य यंत्ररचना जर्मनीतल्या माउझरची आणि दस्ता-सजावट लंडनची. सातच वर्षांनी, १९१४ साली, ही दोन राष्ट्रे एकमेकांवर बंदुका रोखणार होती. या रायफलीत मात्र त्यांचे लोखंड आणि लाकूड बिनफट एकत्र नांदत होते.

कॉर्बेट यांनी पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यावर अधिक जीव जडविला. १९४४ साली त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. ज्या अरण्यात १९३६ साली भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यालाही पुढे त्यांचे नाव मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. ती रायफल कॉर्बेट यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली होती. २०१५ साली रिग्बी पेढीने ती आपल्याकडे परत आणली.

तिच्या दस्त्यावर एक चांदीचा पत्रा बसविलेला आहे. त्यावर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, वाघिणीचा उल्लेख आहे. नळीवर पेढीचे नाव आहे. ज्याने धुरकट दिव्यापाशी बसून तो दस्ता खरवडला, त्याचे नाव बाहेर कोठेच नाही. अशा बंदुका उघडल्या की कधी कधी आतल्या लोखंडावर एखाददुसरे अक्षर सापडते. ती कारागिराची खूण. बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

काकांची बंदूक तयार झाली तेव्हा मी, चौथीतला पोरगा, वडिलांना म्हणालो होतो, “अण्णा, आत तुमचे नाव कोरा ना!” ते हसले आणि म्हणाले, “नाव कशाला? दस्ता फुटला नाही म्हणजे झाले.”

काका वारल्यावर ती बंदूक पोलिसांत जमा झाली. तोवर सतरा पावसाळे त्या दस्त्याने काढले, फुटला नाही. वडिलांची ती अरुंद पटाशी माझ्यापाशी आहे. यंदाच्या खंडेनवमीलाही मी तिला तेलाचा हात दिला आणि पाटावर ठेवली. नातवाने विचारले, “आजोबा, हे कसले हत्यार?” मी चिमणी लावली, एक जुनी बिजागरी तिच्या ज्योतीवर धरली, आणि त्याला म्हटले, “बैस इथे, दाखवतो.”