रिसाल्याची चंदी आणि वऱ्हाडचा कापूस

हिंगोलीत रिसाला बाजार नावाचा भाग आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. पत्ता सांगताना आपण हे नाव सहज घेतो. पण अशाच घोड्यांच्या चंदीपायी आणि स्वारांच्या पगारापायी निजामाच्या हातून वऱ्हाड गेले, ही गोष्ट गावात फारशी कुणी सांगत नाही.

हे घोडदळ हैदराबाद कंटिन्जंटचे. फौज नावाला निजामाची; अधिकारी इंग्रज आणि शब्द रेसिडेंटचा. हिंगोली हे तिचे एक ठाणे होते. 1800 च्या तहाप्रमाणे निजामाने 9,000 स्वार आणि 6,000 पायदळ द्यायचे होते, तेही युद्ध झाले तर. शांततेत कायमची फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते. तरीही फौज राहिली, पगार थकले, कंपनीने ते भरले आणि निजामाच्या खाती मांडले. बाकी चाळीस लाखांच्या वर गेली. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला.

1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड म्हणून 1860 मध्ये 50 लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिवही परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी म्हणून ठेवून घेतले. कर्ज फिटले तरी गहाण सुटले नाही, ते का?

मला हे निव्वळ कारस्थान वाटत नाही. पगार खरोखरच थकले होते. पण 1856 मध्ये कारकिर्दीचा आढावा घेताना डलहौसीने हिंदुस्थानातील उत्तम कापसाचा मुलूख हाती आल्याचा उल्लेख समाधानाने केला आहे. तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. 1861 मध्ये तिथे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग वऱ्हाडकडे नजर वळली. 1867 मध्ये वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो आले.

पैनगंगेच्या अलीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस. हिंगोलीचीही पेठ कापसाचीच. पण पूर्णेहून हिंगोलीला रेल्वे आली 1912 मध्ये. तोवर बैलगाडी. अर्थात, पलीकडच्या कुणब्याचे भले झाले असे समजू नये. 1865 मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि भाव कोसळले.

याच तेजीमंदीत इजिप्तही सापडला. कापसाच्या भरवशावर कर्जे झाली, 1876 मध्ये दिवाळे वाजले, 1882 मध्ये इंग्रज फौज उतरली. तिथे आधी कर्ज आणि मग फौज. आपल्याकडे आधी फौज आणि मग कर्ज.

वऱ्हाड परत मिळावे म्हणून सालारजंगांनी अनेक वर्षे खटपट केली. उपयोग झाला नाही. 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाख देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट हिंदी लष्करात सामावली गेली आणि हिंगोलीची छावणी उठली. जिच्या खर्चासाठी वऱ्हाड धरून ठेवले होते, ती फौजच उरली नाही. निजामाकडे मात्र 1936 मध्ये आला तो युवराजासाठी ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब तेवढा.