आधार : विशिष्ट ओळख क्रमांक

भारतातील रहिवाशांना भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाकडून दिला जाणारा बारा अंकी क्रमांक. त्यातील अंकांवरून धारकाची जात, धर्म, वय किंवा गाव कळत नाही. शेवटचा अंक क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडता यावी म्हणून गणिती सूत्राने काढलेला असतो. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेल्या व्यक्तीला नोंदणी करता येत असल्यामुळे आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे.

कार्यपद्धती : नोंदणीच्या वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख व लिंग यांबरोबर छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या जातात. माणूस ओळखण्यास उपयोगी पडणाऱ्या अशा शारीरिक खुणांच्या नोंदीस जैवमितीय माहिती म्हणतात. एकाच व्यक्तीला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिली जाते. पडताळणी ही यापेक्षा वेगळी क्रिया होय. तीत क्रमांक व ठसा मध्यवर्ती संगणकाकडे पाठवला जातो आणि दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत की नाहीत, एवढेच उत्तर परत येते. ई-केवायसी या पद्धतीत मात्र संमतीने नाव, पत्ता व छायाचित्रही सेवा देणाऱ्या संस्थेला मिळते.

उगम व कायदा : प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अखत्यारीत झाली आणि नंदन निलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटण्यात आले. त्या वेळी या योजनेला संसदेच्या कायद्याचा पाया नव्हता. २०१० मध्ये मांडलेले विधेयक संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०११ मध्ये अमान्य केले, तरी नोंदणी चालूच राहिली. अखेर २०१६ मध्ये आधार अधिनियम संमत झाला. मात्र तो धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात अशा मार्गाने आणल्यामुळे नवा वाद उभा राहिला.

न्यायालयीन निर्णय : कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या योजनेस आव्हान दिले. राज्यघटनेत खाजगीपणाचा मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने होकारार्थी उत्तर दिले. या हक्कावर मर्यादा घालायची तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि मर्यादा त्या हेतूच्या प्रमाणात हवी, या कसोट्या तेव्हा पक्क्या झाल्या. त्या लावून पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने आधार अधिनियम मुख्यतः वैध ठरवला. सरकारी अनुदान व लाभ यांसाठी आधारची सक्ती आणि पॅन क्रमांकाशी जोडणी कायम राहिली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवून, धनविधेयकाचा मार्ग ही राज्यघटनेशी केलेली प्रतारणा असल्याचे म्हटले.

व्यवसाय : ई-केवायसीमुळे कागदपत्रांच्या छायाप्रतींवाचून काही मिनिटांत सिमकार्ड देणे किंवा बँकेत खाते उघडणे शक्य झाले आणि ग्राहक नोंदवण्याचा कंपन्यांचा खर्च बराच घटला. खेड्यातील बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या स्थानिक प्रतिनिधीकडे, अंगठा लावून खात्यातील रक्कम काढण्याची सोयही आधारवरच उभी आहे. २०१८ च्या निकालाने बँक खाते व मोबाइल क्रमांक यांना आधार जोडण्याची सक्ती आणि केवळ कराराच्या बळावर खाजगी कंपन्यांनी करायची पडताळणी रद्द केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ग्राहकाच्या स्वेच्छेने असा वापर करण्यास पुन्हा वाट मिळाली.

शिक्षण : शाळाप्रवेश हा अनुदान किंवा लाभ नसल्यामुळे त्यासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, तसेच मुलांच्या नोंदणीस पालकांची संमती लागेल आणि सज्ञान झाल्यावर त्यांना योजनेतून बाहेर पडण्याची मुभा असावी, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्षात शाळेचा कारभार या क्रमांकाशी घट्ट जोडला गेला आहे. महाराष्ट्रात संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतील शिक्षकांची मंजूर पदे ठरवण्यासाठी, आधारशी पडताळलेली पटसंख्या विचारात घेतली जाऊ लागली. बोगस पटाला आळा घालणे हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु दाखल्यावरील नाव व आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी वर्गात रोज बसणारे मूल अभिलेखात अवैध ठरू शकते, आणि ती दुरुस्ती करून घेण्याचे काम शिक्षक व पालक यांच्यावर येते.

नागरी हक्क : सर्वांत गंभीर प्रश्न रास्त भाव दुकानात दिसतो. दुकानदाराकडील ई-पॉस यंत्रावर शिधापत्रिकाधारकाने बोट ठेवायचे आणि जुळणी झाल्यावर धान्य घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. ऊसतोड, बांधकाम किंवा शेतमजुरी करणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, वृद्धांचे ठसे पुसट होतात आणि दुर्गम भागात मोबाइलची रेंज मिळत नाही; अशा वेळी हक्क शाबूत असूनही माणूस रिकाम्या हाताने परततो. पर्यायी ओळख पटवून धान्य द्यावे, अशी तरतूद आहे. परंतु ती वापरण्याचा निर्णय दुकानदाराच्या हाती राहतो आणि तिची माहिती धारकाला क्वचितच असते. माहितीच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये मूळ क्रमांकाऐवजी वापरता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक आणण्यात आला, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला, म्हणजे पहिले क्रमांक वाटल्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी.

मूल्यमापन : आधारमुळे दुबार व खोटे लाभार्थी शोधणे सोपे झाले, तसेच ज्यांच्याकडे ओळखीचा कोणताही कागद नव्हता अशा गरिबांना तो मिळाला, हे या योजनेचे मोठे यश होय. तथापि ठसा जुळणे हा ओळखीचा पुरावा आहे, हक्काचा नव्हे; धान्य, निवृत्तिवेतन व शिक्षण यांवरील हक्क कायद्याने दिलेले आहेत आणि यंत्र अडले म्हणून ते संपत नाहीत. यंत्रातील चुकीचा भार नागरिकाने नव्हे तर शासनाने उचलला, तरच ही व्यवस्था राज्यघटनेच्या कसोटीस पूर्णपणे उतरेल.