कोटणीसांचें चिनी नांव

विद्या शिकण्यासाठीं समुद्रापार गेलेल्यांचीं चरित्रें आपल्या घरोघरीं वाचलीं जातात. शिकविण्यासाठीं गेलेल्यांकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच वळतें. चीनमध्यें अध्यापनास जावें असें मनांत आणणाऱ्या परभणीच्या एखाद्या तरुणानें, त्या लोकांत राहावें कसें, असें मला विचारिलें, तर मी त्याच्या हातीं प्रवासवर्णन न देतां सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची हकीकत सांगेन. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळें कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत ते रणांगणावरील शस्त्रवैद्य म्हणून. ते चिनी विद्यार्थ्यांचे शिक्षकही होते, ही गोष्ट त्या तेजांत झांकून गेली.

१९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली, आणि पुढल्या वर्षीं काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडिलें. प्रमुख डॉ. अटल, बंगालचे बसू व मुकर्जी, आणि दोघे मराठी : नागपूरचे प्रौढ डॉ. चोळकर व अवघे सत्तावीस वर्षांचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्यें त्यांनीं मुंबईचा किनारा सोडिला.

चुंगकिंगला पांचांनाही चिनी नांवें मिळालीं. परकें नांव चिनी लिपींत उतरविणें आपण समजतों तितकें सोपें नाहीं. तेथें अक्षर म्हणजे नुसता ध्वनि नव्हे. प्रत्येक अक्षराला अर्थ असतो, आणि आडनांव नेहमीं आधीं, तेंही बहुधा एकाक्षरी. कोटणीसांचें झालें ‘के दिहुआ’. ‘के’ हें खरोखरीचें चिनी आडनांव, आणि शेवटचें ‘हुआ’ म्हणजे चीन. तें पांचांच्याही नांवांस जोडलें होतें. आपल्याकडे सासरीं आलेल्या मुलीचें नांव बदलण्याची चाल आहे. येथें पांच पुरुषांचीं बदललीं! गंमत अशी कीं, चीनमध्यें बायकोचें आडनांव लग्नानें बदलत नाहीं. पुढें कोटणीसांशीं विवाहबद्ध झालेल्या कुओ चिंगलान शेवटपर्यंत कुओच राहिल्या.

याच चुंगकिंगमध्यें कोटणीसांना सोलापूरहून वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. पितृऋणाची कल्पना चिनी मनालाही अपरिचित नाहीं. कन्फ्यूशियसच्या परंपरेंत बापासाठीं तीन वर्षांचें सुतक सांगितलें आहे. ते परत फिरले असते, तर त्यांना कोणीं दोष दिला नसता. ते फिरले नाहींत. सोलापूरच्या घरांत या निर्णयाची किंमत कोणी कशी मोजिली असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. नुसतें ‘थोर’ म्हणून मोकळें होणें मला तरी जमत नाहीं.

फेब्रुवारी १९३९ मध्यें ते येनानला पोंचले. तेथें पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेलीं घरें, आणि उत्तरेकडील थंडीवर तोड म्हणून घरांत खालून ऊब दिलेला ओटा; त्यावरच बसावयाचें, त्यावरच निजावयाचें. चिनी म्हटला कीं भात खाणारा, ही आपली समजूत दक्षिणेपुरतीच खरी आहे. उत्तरेचें धान्य म्हणजे गहूं, राळे आणि ज्वारी. येनानांत तर राळ्यावरच बहुतेक गुजराण. सोलापूर काय किंवा परभणी काय, तिकडील माणसाला हीं धान्यें परकीं नाहींत. ज्वारी तर त्याचीच. फक्त तिची भाकरी तेथें मिळावयाची नाहीं!

पुढें कोटणीस जपानी फळीच्या मागें, शान्सी-चाहार-होपे या सीमाप्रांतांत गेले. तेथें काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्यें रक्तांत विष भिनून वारले होते. त्यांच्या नांवें चाललेल्या रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्यें संचालक झाले, आणि त्याच नांवाच्या वैद्यकशाळेंत ते शस्त्रक्रिया शिकवीत. तेंही चिनींतून. ज्यांना शिकवावयाचें त्यांच्यापुढें इंग्रजीचा उपयोग शून्य. चिनी वैद्यकाची परिभाषा बहुतेक त्यांच्या स्वतःच्याच अक्षरांतून घडविलेली आहे. शरीरांतील दाहासाठीं जें अक्षर, ‘येन’, तें लिहितांना अग्नीच्या अक्षरावर पुन्हां अग्नीचेंच अक्षर ठेवितात. आपल्या ‘दाह’ शब्दाच्या तें किती जवळ आहे! मुंबईस इंग्रजींतून शिकलेलें वैद्यक या माणसाला जणूं दुसऱ्यांदा शिकावें लागलें असेल, आणि शिकविणारे बहुधा त्याचेच विद्यार्थी. वैद्यक देशी भाषेंतून शिकवितां येतें कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाहीं. सोलापूरच्या एका गृहस्थानें तें दुसऱ्याच्या देशी भाषेंतून करून दाखविलें, हें त्या वादांत कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

नोव्हेंबर १९४१ मध्यें त्यांचें लग्न झालें. चिंगलान त्याच शाळेंत परिचर्या शिकवीत. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला, त्याचें नांव ‘यिनहुआ’ ठेविलें : ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, आणि ‘हुआ’ तोच, बापाच्या नांवांतला. मुलगा साडेतीन महिन्यांचा असतां, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यानें कोटणीस गेले. वय बत्तीस. विद्यार्थ्यांसाठीं ते शस्त्रक्रियेचें पाठ्यपुस्तक चिनींत लिहीत होते. तें अपुरेंच राहिलें.