मैलाचा दगड आणि हिरवा कंदील

आमच्या काकांचं ठाम मत आहे की इंग्रजीने मराठी बाटवली. भाचीला शाळेत इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट पाठ करायला दिलेले पाहिले की त्यांचा पारा चढतो. गंमत म्हणजे 'पारा चढणे' हेही थर्मामीटर आल्यानंतरचंच मराठी!

ही काळजी मात्र जुनी आहे. मराठी मरणपंथाला लागली आहे का, असा प्रश्न इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनीही विचारला होता. त्यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ ला आपल्या धुळ्यातच झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या कागदपत्रांवरून फारसीने मराठीवर किती परिणाम केला हे त्यांनी दाखवलं. नुसते शब्दच नाही, बोलण्याची ढबसुद्धा तिकडून आली. 'कंबर बांधणे' हे फारसीतल्या 'कमर बस्तन'चं भावंड. 'गम खाणे' हे तर सरळ 'गम खुर्दन'. फारसीत त्याचा अर्थ दुःख करणे, आपण मात्र 'जरा गम खा' म्हणजे धीर धर असं म्हणतो. शब्द त्यांचे, अर्थ आपला.

इंग्रजीचंही तसंच झालं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि धुळे जिल्ह्याचं ठाणं झालं. कचेरीबरोबर पुढे 'लालफितीचा कारभार' आला. इंग्रजांच्या दप्तरात कागद खरोखरच तांबड्या फितीने बांधत. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो, त्यावर मैलाचे दगड होते. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, हळूहळू मैल गेले, पण एखादी मोठी घटना अजून 'मैलाचा दगड'च ठरते. भुसावळला रेल्वे आली आणि तिथल्या घराघरात रेल्वेची नोकरी शिरली. रात्री गार्ड हिरवा कंदील दाखवी आणि गाडी सुटे. आज कुठल्याही योजनेला 'हिरवा कंदील' मिळतो तो त्यामुळेच.

म्हणजे जी वस्तू लोकांनी डोळ्यांनी पाहिली, तिचा वाक्प्रचार परका राहिला नाही. 'हिमनगाचे टोक' मात्र मला अजून पाहुण्यासारखं वाटतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या जळगावकराने हिमनग कुठे पाहायचा?

उलट बहिणाबाई चौधरींकडे बघा. आसोद्याचं माहेर, जळगावचं सासर, अक्षरओळख नाही. पण शेत, विहीर, जातं, चूल यांतून त्यांची भाषा उगवली. १९५२ मध्ये त्यांची गाणी छापून आली तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला.

मला खरी काळजी इथे वाटते. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं आपण म्हणतो, पण आजच्या मुलांनी आडही पाहिलेला नाही आणि पोहराही नाही. त्यांना ही म्हण हिमनगाइतकीच परकी. इंग्रजीतून चार वाक्प्रचार आले म्हणून भाषा मरत नाही, फारसी पचवूनही ती जगलीच. पण आपल्या म्हणींमागची वस्तू मुलांना कोणी दाखवलीच नाही, तर त्याही परीक्षेपुरत्या पाठ कराव्या लागतील.

म्हणून नातेवाईकांना एक विनंती. घरातली म्हातारी माणसं अहिराणीत, लेवा बोलीत जे सहज बोलून जातात ते वहीत उतरवून ठेवा. आणि सुट्टीत गावी गेलात तर मुलांना एखादा आड जरूर दाखवा.