अमेरिकी-चिनी चित्रपटसंबंध

हॉलिवूड व चीनचा चित्रपटव्यवसाय यांच्यातील व्यापारी, राजकीय आणि कलाविषयक व्यवहार. उत्पन्नातील वाट्याच्या तत्त्वावर वर्षाला १० परदेशी चित्रपट घेण्यास चीनने १९९४ मध्ये सुरुवात केली. ‘द फ्युजिटिव्ह’ हा त्यांतला पहिला. जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशानंतर ही मर्यादा २० झाली. २०१२ च्या करारानुसार ती ३४ वर गेली व परदेशी निर्मात्यांचा वाटा २५ टक्के झाला.

चित्रपटांच्या आशयावरील चीनचा प्रभाव तपासताना अभ्यासकाने केवळ चिनी सेन्सॉरवर नजर ठेवणे अपुरे ठरते. खरा पुरावा अमेरिकी संकलनकक्षात सापडतो. ‘रेड डॉन’च्या (२०१२) नव्या आवृत्तीत आक्रमक सैन्य मूळचे चिनी होते; चित्रीकरण संपल्यावर ध्वज व लष्करी चिन्हे संगणकावर बदलून, संवाद फिरवून ते उत्तर कोरियाचे करण्यात आले. बाजारपेठ गमावण्याच्या धास्तीपोटी निर्मात्यांनी स्वतःच लावलेली ही कात्री या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आहे.

पैसा उलट दिशेनेही वाहिला : चीनच्या वांडा समूहाने २०१२ मध्ये एएमसी ही अमेरिकी चित्रपटगृहसाखळी आणि २०१६ मध्ये लेजेंडरी ही अमेरिकी निर्मितीसंस्था विकत घेतली. झांग यीमोऊ दिग्दर्शित ‘द ग्रेट वॉल’ (२०१६) ही सहनिर्मिती मात्र अमेरिकेत फारशी चालली नाही. एप्रिल २०२५ मध्ये, आयातशुल्काच्या वादात, चीनने अमेरिकी चित्रपटांची आयात कमी करण्याचे जाहीर केले.