जैविक वार्धक्य : जुनाट संसर्ग व तंबाखूचे व्यसन (निपाणी–बेळगाव सीमाभाग)

जैविक वार्धक्य म्हणजे पेशी, रक्तवाहिन्या व रोगप्रतिकार यंत्रणा यांची वयोमानाने होणारी झीज. ती जन्मतारखेच्या हिशेबाने चालतेच असे नाही. वर्षानुवर्षे अंगात मुरलेला संसर्ग आणि व्यसन, दोन्हींमुळे ती वेग घेते. एचआयव्ही, क्षय व तंबाखू एकाच वस्तीत एकत्र आढळतात अशा प्रदेशांपैकी बेळगाव जिल्ह्याचा मराठी-कन्नड सीमाभाग हा एक.

हा पट्टा एकसारखा नाही. खानापूर तालुक्यातले गुंजी लोंढ्याच्या वाटेवरचे, जंगल आणि भातखाचरांच्या मुलखातले गाव. तिथे तंबाखू येते ती पुडीतून. उत्तरेकडे निपाणीभोवती मात्र ती शेतात पिकते, वखारीत कुटली-चाळली जाते आणि घरोघरी विडीत भरली जाते. एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग रोखला होता. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. वखारीतल्या बायकांच्या संघर्षावर ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. पिकाचा भाव आणि कामाची मजुरी यांवर इथे बरीच चर्चा झाली. धुळीने भरलेल्या छातीवर त्या मानाने कमी.

मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी विडी उद्योगातील कामगारांच्या लघवीत कोटिनिन (शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ) मोजले व त्यांच्या पेशींतील गुणसूत्रांचे बिघाड नोंदवले. तंबाखू न खाणारा-ओढणारा कामगारही धूळ आणि कातडीवाटे निकोटीन घेतच असतो. त्यात मिश्रीची भर पडते. जाळलेल्या तंबाखूची ही पूड बायका दातांना लावतात आणि ते व्यसन आहे असे घरात कुणी मानत नाही. सवय लावते ते निकोटीन. पेशींची मोठी हानी करतात ती नायट्रोसामाइने, धुरातले डांबर व कार्बन मोनॉक्साइड. विडीचे तेंदूपान हवा कमी खेळू देते, ती वरचेवर विझते. म्हणून ओढणारा झुरके जास्त व खोल घेतो. ‘विडी नैसर्गिक, म्हणून सौम्य’ हा समज यामुळेच टिकत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रभात झा व सहकाऱ्यांच्या देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटलेले आढळले.

झीज मोजायची कशी? जुनी पद्धत गुणसूत्रांच्या टोकांची, म्हणजे टेलोमिअरची, लांबी पाहण्याची. २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार ४० वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढल्याने ही टोके ७.४ वर्षांच्या वाढत्या वयाइतकी जास्त आखूड होतात. नवी पद्धत डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणांची. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वय सांगणारे गणित मांडले. २०१९ चे ‘ग्रिमएज’ धूम्रपानाची खूण थेट हिशेबात धरते, त्यामुळे तंबाखूचा परिणाम त्यात ठळक दिसतो. होर्व्हाथच्या पहिल्या गणितात तो जेमतेम दिसतो. एकच माणूस एका मापाने म्हातारा आणि दुसऱ्याने जवळपास समवयस्क ठरू शकतो. हे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत. खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून ‘खरे वय’ काढून घेणाऱ्याने ते विसरू नये.

एचआयव्हीच्या बाबतीत पुरावा बराच भक्कम आहे. होर्व्हाथ व लेव्हिन यांना २०१५ मध्ये संसर्गितांचे रक्त सरासरी ५.२ वर्षांनी, तर मेंदूची ऊती ७.४ वर्षांनी पुढे गेलेली दिसली. विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी लवकर संपवतो; मग जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत जागी राहते. क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये वार्धक्याशी जोडलेला मंद, न विझणारा दाह तो हाच. बहुतेक भारतीय प्रौढांत सुप्त असलेला सायटोमेगालो विषाणू त्यात तेल ओततो. क्षयरोगातही डीएनएच्या खुणा अकाली म्हाताऱ्या होतात, असे २०२२ मध्ये गिनीपिग व माणसे या दोहोंत दाखवले गेले.

व्यसन तंबाखूचेच असते असे नाही. अफू-हेरॉइनच्या दीर्घ सेवनात रक्तवाहिन्या वयाआधी ताठर होतात, असे ऑस्ट्रेलियातील काही अभ्यास सांगतात. पण सुईबरोबर हेपॅटायटिस सी येतो, कुपोषण येते. दोष नेमका कुणाचा हे वेगळे काढणे अवघड. सीमाभागात मुख्य प्रश्न तंबाखूचाच.

उत्तर कर्नाटक आणि सांगली-कोल्हापूर हा देशातील एचआयव्हीच्या जास्त प्रादुर्भावाचा पट्टा. पुणे–बंगळूर महामार्गावरची वर्दळ, हंगामी स्थलांतर आणि देवदासी प्रथा (कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी) ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. दोष मात्र बायकांच्या माथी मारला गेला. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने व पुढे वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या ‘व्हॅम्प’ या संघटनेने त्याला कामातून उत्तर दिले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी (एचआयव्ही विषाणू रोखणारा औषधोपचार) गोळ्या मोफत मिळू लागल्या, आणि एकेकाळी लवकर मरणारा रुग्ण साठीला पोचू लागला. अकाली वार्धक्याचा प्रश्न या यशातूनच पुढे आला.

इथे डेन्मार्कमधला २०१३ चा अभ्यास उद्‌बोधक आहे. उत्तम उपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांची धूम्रपानामुळे सरासरी १२.३ वर्षे गेली, विषाणूमुळे ५.१. निपाणीच्या बाईची परिस्थिती डॅनिश रुग्णाची नाही, तिच्या वाट्याला क्षयही आहे. तमिळनाडूतील २००३ च्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांतील क्षयमृत्यू न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होते. उपचार केंद्रात गोळ्या मोजून देताना कनवटीच्या चंचीबद्दल विचारले जाणे किती महत्त्वाचे, हे या दोन्ही अभ्यासांतून कळते.

झीज काही अंशी उलटते. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांत जैविक वयाचे अंतर घटते, पण पूर्ण भरून येत नाही. धूम्रपान सोडल्यावर एएचआरआर जनुकावरील तंबाखूची खूण हळूहळू पुसट होते आणि चाळिशीच्या आत सोडणाऱ्याचा वाढीव मृत्युधोका बहुतांश टळतो. क्षयाने फुप्फुसात पाडलेले व्रण मात्र औषधांचा क्रम पुरा झाल्यावरही राहतात, आणि धाप पुष्कळांना आयुष्यभर सोडत नाही.